सच्छिद्र ऑक्साइड ॲनोड : पृष्ठफळाआधी रिकामी जागा मोजा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लिथियम-आयन बॅटरीच्या ॲनोडसाठी, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडसाठी, झेडआयएफ-६७ हा कोबाल्टचा धातू-सेंद्रिय सांगाडा (धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू यांचा सच्छिद्र स्फटिक) हवेत ४५० अंश सेल्सिअसला भाजून आपण सच्छिद्र कोबाल्ट ऑक्साइड तयार केले. त्याचे बीईटी पृष्ठफळ, म्हणजे नायट्रोजन वायू शोषवून मोजलेले पृष्ठफळ, ग्रॅमला ११२ चौरस मीटर आले. लिथियम धातूसमोर लावलेल्या कॉइन सेलमध्ये (नाण्याच्या आकाराच्या चाचणी-सेलमध्ये) पहिल्या डिस्चार्जला, म्हणजे लिथियम आत जाताना, ग्रॅममागे १३८० मिलिॲम्पिअर-तास मिळाले आणि पहिल्या चार्जला ९४० परत आले. चाळीस चक्रांनंतर मात्र क्षमता ४१० पर्यंत घसरली. सिलिकाचा साचा (ज्याभोवती ऑक्साइड तयार करून तो नंतर विरघळवून काढतात) वापरून छिद्रे आणि पृष्ठफळ आणखी वाढवले तर ही घसरण थांबेल का, आणि कोणता साचा घ्यावा, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर आहे की साचा घेऊ नये, कारण आपल्या पदार्थात छिद्रे कमी नाहीत. रिकामी जागा गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि ती नको तिथे आहे.

हे पटण्यासाठी या ऑक्साइडांच्या कामाची पद्धत आठवावी लागते. ग्रॅफाइटमध्ये लिथियम थरांच्या फटींत जाऊन बसते आणि त्याची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिॲम्पिअर-तासांवर संपते. २००० साली फ्रान्समधील तारास्कों यांच्या गटाने कोबाल्ट, निकेल, तांबे आणि लोह यांच्या ऑक्साइडांपासून ७०० च्या आसपास क्षमता मिळवून दाखवली, तेव्हा लक्षात आले की इथे काहीच ‘आत जाऊन बसत’ नाही. ऑक्साइड मोडते, धातूचे काही नॅनोमीटरचे कण तयार होतात आणि ते लिथियम ऑक्साइडच्या गाऱ्यात रुतून बसतात. चार्ज करताना धातू पुन्हा ऑक्साइड होतो, पण मूळ स्फटिक परत येत नाही. म्हणजे ज्या भिंतींचे पृष्ठफळ आपण एवढ्या काळजीने मोजले, त्या भिंती पहिल्याच डिस्चार्जमध्ये नाहीशा झालेल्या असतात. ११२ हा आकडा ज्या पदार्थाचा आहे तो पदार्थ दुसऱ्या चक्रापासून सेलमध्ये नसतोच. टिकण्याची शक्यता असते ती फक्त भिंतींमधल्या मोकळ्या जागेला, आणि तीही पुरेशी ठेवली असेल तरच.

टायटॅनियम डायऑक्साइड किंवा नायोबियम ऑक्साइड यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची जाळी शाबूत राहते, लिथियम घेताना आकारमान चार-पाच टक्क्यांच्या पलीकडे फारसे वाढत नाही आणि तिथे पृष्ठफळाचा थेट फायदा जलद चार्जिंगला मिळतो. साच्यांवरचा बराचसा उत्साह तिथून आला आहे आणि तो तिथे योग्यही आहे. मात्र तोच हिशेब कोबाल्ट, लोह किंवा मँगनीजला लावला की गफलत होते.

आता हिशेब करू. कोबाल्ट ऑक्साइडच्या एका मोलमध्ये तीन मोल कोबाल्ट आणि चार मोल ऑक्सिजन अणू असतात. घनता ६.११ धरली तर त्याचे आकारमान सुमारे ३९.४ घनसेंटीमीटर होते. पूर्ण डिस्चार्जनंतर त्याचे तीन मोल कोबाल्ट आणि चार मोल लिथियम ऑक्साइड होतात, आणि त्यांचे एकत्रित आकारमान सुमारे ७९ घनसेंटीमीटर भरते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ही दुप्पट वाढ कणाच्या बाह्य आकाराच्या आतच सामावली तर कण बाहेरून हलत नाही, इलेक्ट्रोलाइट (सेलमधला आयन वाहून नेणारा द्राव) मोडून त्याच्यावर जमलेला संरक्षक थर तडकत नाही आणि शेजारच्या कार्बनशी त्याचा संपर्क सुटत नाही. सच्छिद्रतेचे खरे काम एवढेच आहे, आणि इलेक्ट्रोलाइटला आतपर्यंत वाट देणे हे त्याच्या जोडीचे दुसरे.

मग ही जागा येते कुठून? बहुतेक वेळा ती पूर्वपदार्थातून, म्हणजे जो पदार्थ भाजून ऑक्साइड करतो त्यातून, येते. भट्टीत वायू निघून जातो, बाहेरचा आकार साधारण तसाच राहतो, आणि जे वजन उडाले त्याच्या जागी पोकळी उरते. त्यामुळे पूर्वपदार्थ निवडला की रिकाम्या जागेची वरची मर्यादा आपोआप ठरते, आणि ती कागदावर आधीच काढता येते. एका मोल कोबाल्टमागे तयार ऑक्साइडला १३.१ घनसेंटीमीटर लागतात आणि डिस्चार्जनंतर २६.४. कोबाल्ट हायड्रॉक्साइडचा बाह्य आकार मोलला सुमारे २५.८ असतो, म्हणजे फुगलेले उत्पादन त्यात मावतच नाही, थोडे बाहेर ढकलले जाते. कोबाल्ट कार्बोनेटचा आकार सुमारे २८.८ असतो, त्यात ते बेताने मावते. आणि झेडआयएफ-६७? त्याच्या स्फटिकात एका मोल कोबाल्टमागे सुमारे २४५ घनसेंटीमीटर जागा असते. भाजताना आकार अजिबात आक्रसला नसता तर आपला कण ९५ टक्के पोकळ झाला असता. प्रत्यक्षात तो आक्रसतो, बारा बाजूंचे ते सुबक स्फटिक गालफडे आत गेल्यासारखे दिसू लागतात. पण लांबी-रुंदी-उंची तीस टक्क्यांनी घटली असे धरले तरी ८४ टक्के पोकळी उरते. गरज साधारण ५० ते ५५ टक्क्यांची होती. उरलेल्या पोकळीने दोन गोष्टी केल्या आहेत. भिंती इतक्या पातळ ठेवल्या आहेत की एका फुगण्या-आक्रसण्यात त्या कोसळतात, आणि इलेक्ट्रोलाइटला प्रत्येक भिंतीच्या दोन्ही बाजूंना थर जमवायला मोकळीक दिली आहे. पहिल्या चक्रात हरवलेल्या ४४० मिलिॲम्पिअर-तासांचा मोठा भाग त्या थरातच अडकला आहे.

सिलिकाच्या साच्याने भिंती सहा-आठ नॅनोमीटरच्या झाल्या असत्या आणि हेच दुखणे आणखी वाढले असते. शिवाय साचा काढणे हे वेगळेच प्रकरण आहे. उष्ण सोडियम हायड्रॉक्साइडने सिलिका काढताना थोडी सिलिका आणि थोडे सोडियम हमखास मागे राहते. हायड्रोफ्लुओरिक आम्लाने ती स्वच्छ निघते, पण ते आम्ल कातडीतून हाडापर्यंत पोहोचणारे आहे आणि शेवटी सेलमध्ये मोडूनच जाणाऱ्या छिद्ररचनेसाठी मी ते कोणाला वापरू देत नाही. टायटॅनियमचे काम कराल तेव्हा पी१२३ किंवा एफ१२७ या बहुवारिकांसारखे मृदू साचे जरूर वापरा. ते भट्टीत जळून जातात.

माझी शिफारस अशी की पूर्वपदार्थ बदलावा, आणि शक्य असेल तर धातूही. कोबाल्ट महाग आणि विषारी आहे, आणि ॲनोड म्हणून त्याचे व्होल्टेजही गैरसोयीचे आहे; लिथियम सोडताना ते २ व्होल्टच्या वर जाते. मँगनीज मोनॉक्साइडची सैद्धांतिक क्षमता ७५६ म्हणजे कोबाल्टच्या ८९० पेक्षा कमी आहे, पण ते साधारण ०.५ व्होल्टला लिथियम घेते आणि १.२ च्या आसपास सोडते. कार्बोनेटपासून केले तर जागेचा हिशेबही छान जुळतो. मँगनीज कार्बोनेट मोलला सुमारे ३१.१ घनसेंटीमीटर, त्यातून मोनॉक्साइड १३.२, म्हणजे पोकळी ५७ टक्के. पूर्ण डिस्चार्जनंतरचे मँगनीज आणि लिथियम ऑक्साइड मिळून २२.४. फुगल्यावर मूळ आकाराचा ७२ टक्के भाग भरतो आणि २८ टक्के इलेक्ट्रोलाइटला राहतो. याहून सोयीचा पूर्वपदार्थ मी शोधायला गेलेलो नाही.

कृती सोपी आहे, पण काही ठिकाणी लक्ष लागते. मँगनीज सल्फेट मोनोहायड्रेट १.६९ ग्रॅम सुमारे ७०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावे आणि त्यात ७० मिलिलिटर इथेनॉल घालावे. दुसऱ्या भांड्यात अमोनियम बायकार्बोनेट ७.९ ग्रॅम तेवढ्याच पाण्यात विरघळवून ते पहिल्यात एकदम ओतावे आणि सावकाश ढवळत राहावे. थोड्याच वेळात द्रावण दुधाळ होते. जोराने ढवळले तर गोळे वेडेवाकडे आणि लहान-मोठे येतात. म्हणून चुंबकीय ढवळणी अगदी मंद ठेवावी. तीन तासांनी गाळले की एक-दोन मायक्रॉनचे फिकट गोळे मिळतात, जास्तीत जास्त १.१५ ग्रॅम. सोडियम बायकार्बोनेटनेही गोळे तितकेच सुंदर येतात, पण मी अमोनियमचेच वापरतो, कारण धुण्यात जे राहून गेले ते भट्टीत उडून जाते. सोडियम मात्र जागीच राहते आणि पुढे भाजताना कण एकमेकांना चिकटवते. सल्फेटही पूर्ण धुवावे. गाळलेल्या पाण्याचा थेंब बेरियम क्लोराइडने पांढरा होईनासा होईपर्यंत धुणे थांबवू नये. या चाचणीआधी पाण्यात दोन थेंब हायड्रोक्लोरिक आम्ल टाकावे, नाहीतर बायकार्बोनेटमुळेच ते पांढरे होते आणि आपण दिवसभर धूत बसतो.

भाजताना मिनिटाला एक अंश या गतीने हवेत ५५० अंशांपर्यंत न्यावे आणि चार तास ठेवावे. भट्टीतून काढल्यावर स्फटिक ओळखणाऱ्या क्ष-किरण विवर्तनाच्या उपकरणासाठी रांगेत उभे राहण्याआधी तराजू पाहावा. एक ग्रॅम कोरड्या कार्बोनेटचे ०.६८७ ग्रॅम उरले तर ते मँगनीज सेस्क्विऑक्साइड (दोन मँगनीजमागे तीन ऑक्सिजन) झाले, ०.७५ च्या जवळ उरले तर भट्टी कमी पडली आणि आपल्या हातात डायऑक्साइड किंवा मिश्रण आहे. त्यानंतर ट्रिस बफरमध्ये, ८.५ पीएचला, पॉलिडोपामिन या कार्बनयुक्त बहुवारिकाचा पातळ लेप देऊन आर्गॉनमध्ये ६०० अंशांना पुन्हा भाजले की आतले ऑक्साइड मोनॉक्साइड होते आणि बाहेर कार्बनची साल राहते. या तापमानाला कार्बन मँगनीज मोनॉक्साइडला धातूपर्यंत नेऊ शकत नाही, ही मँगनीजची आणखी एक सोय. हाच लेप कोबाल्ट ऑक्साइडवर देऊन आर्गॉनमध्ये याच तापमानाला भाजले तर कोबाल्टचा धातू होतो. ते ओळखायला उपकरण लागत नाही : कुपीला बाहेरून चुंबक लावावा, पूड उडी मारून काचेला चिकटली तर ऑक्साइड गेले असे समजावे.

भट्टीबद्दल एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे : नियंत्रकावर दिसणारे तापमान हे भट्टीचे असते, पुडीचे नसते. सेंद्रिय भाग असलेले पूर्वपदार्थ हवेत जळतात तेव्हा स्वतः उष्णता सोडतात. उमेदवारीच्या काळात मी पाचेक ग्रॅम सांगाडा एका खोल क्रुसिबलमध्ये दाबून भरला आणि मिनिटाला पाच अंशांनी ४०० पर्यंत नेला. वर मऊ काळी पूड होती. बोटभर खाली चमचा घातला तर कडक, चकाकणारी ढेप लागली, जिचे पृष्ठफळ नंतर मोजता येईल इतकेही नव्हते. नियंत्रकावर ४०० पलीकडे आकडा गेला नव्हता. तेव्हापासून मी पूड ॲल्युमिनाच्या उथळ बोटीत दोन-तीन मिलिमीटरच्या थरात पसरतो, आणि सांगाडा जळायला लागतो त्या तापमानाच्या वीस-तीस अंश अलीकडे एक तास थांबतो. आपला सांगाडा नायट्रेटपासून केलेला आहे, म्हणून आणखी एक सूचना : नायट्रेट नीट धुतले नसेल तर इंधन आणि ऑक्सिडीकारक एकाच बोटीत असतात आणि पूड भट्टीत फुरफुरून उडते. कोबाल्ट आणि निकेलच्या ऑक्साइडची पूड श्वासात जाऊ नये हे आपण जाणता, तरी बोट बाहेर काढताना मास्क लावण्याचा कंटाळा येतोच. तो करू नये.

आपण पाठवलेल्या छिद्र-वितरणाच्या आलेखात ३.८ नॅनोमीटरला एक सुरेख टोकदार शिखर आहे आणि त्याला आपण ‘एकसारख्या मेसोछिद्रांचा पुरावा’ म्हटले आहे (मेसोछिद्रे म्हणजे २ ते ५० नॅनोमीटरची छिद्रे). ते शिखर बहुधा खोटे आहे. नायट्रोजन ७७ केल्व्हिनला छिद्रांतून बाहेर पडताना सापेक्ष दाब ०.४२ च्या आसपास आला की अरुंद तोंडांत अडकलेला द्रव एकदम मोकळा होतो, पदार्थ कोणताही असो, आणि डिसॉर्प्शनच्या, म्हणजे वायू बाहेर पडतानाच्या, शाखेवरून हिशेब केला की प्रत्येक वेळी चारच्या जवळ शिखर उमटते. हाच हिशेब ॲडसॉर्प्शनच्या, म्हणजे वायू आत शोषला जातानाच्या, शाखेवरून करून पाहा. शिखर नाहीसे झाले तर ते कधी नव्हतेच. शिवाय या पद्धतीला पन्नास-शंभर नॅनोमीटरपेक्षा मोठी छिद्रे जवळजवळ दिसत नाहीत, आणि फुगण्यासाठी नेमकी त्यांचीच जागा उपयोगी पडते. तेव्हा एक कण कापून त्याचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील छेद पाहावा आणि टॅप घनता (पूड ठोकून बसवल्यावरची घनता) मोजावी. रूपांतराने काम करणाऱ्या, म्हणजे लिथियम घेताना मोडणाऱ्या, ऑक्साइडसाठी मला ग्रॅममागे वीस ते पन्नास चौरस मीटर पुरेसे वाटतात. त्याहून जास्त आले तर मी आनंद मानण्याऐवजी भाजण्याचे तापमान थोडे वाढवतो.

क्षमता घसरण्याचा सगळा दोष पुडीचा आहे असे धरण्याआधी मात्र दोन चाचण्या कराव्यात. पहिली म्हणजे, घसरलेला सेल दहापट हळू गतीने चालवावा. क्षमता बऱ्यापैकी परत आली तर कण सुटलेले नाहीत, फक्त त्यांच्यावरचा थर जाड होऊन रोध वाढला आहे. दुसरी म्हणजे, सेल ग्लोव्हबॉक्समध्ये उघडून आपला इलेक्ट्रोड नव्या लिथियमसमोर, नव्या इलेक्ट्रोलाइटसह पुन्हा लावावा. एवढ्या क्षमतेच्या इलेक्ट्रोडसमोर लिथियमचे पान दर चक्राला बरेच खरवडले जाते आणि काळवंडते. नव्या सेलमध्ये क्षमता परतली तर आपण चाळीस चक्रे ॲनोडची नव्हे, लिथियमची परीक्षा घेत होतो. सेल उघडल्यावर दोन इलेक्ट्रोडांमधल्या विभाजकाकडेही नीट पाहा. त्याला काळा थर चिकटून आला आणि तांब्याची पन्नी उघडी पडली असेल तर बांधकाचा, म्हणजे पूड पन्नीला धरून ठेवणाऱ्या बहुवारिकाचा, प्रश्न आहे. आपण पीव्हीडीएफ वापरले आहे. ते कणाला नुसते धरून ठेवते आणि इलेक्ट्रोलाइटमध्ये फुगून सैल होते. सोडियम कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज ऑक्साइडच्या पृष्ठभागाशी बंध करते, पाण्यात विरघळते आणि स्वस्तही आहे. पूड, कार्बन ब्लॅक आणि बांधक यांचे प्रमाण ८०:१०:१० ठेवावे. ७०:२०:१० चा मोह टाळावा, कारण वीस टक्के कार्बन ब्लॅक स्वतःच लिथियम घेतो आणि आपल्या पुडीच्या खात्यावर क्षमता जमा करतो. इलेक्ट्रोलाइटमध्ये पाच ते दहा टक्के फ्लुओरोइथिलीन कार्बोनेट घातले तर थर पातळ आणि लवचीक राहतो.

शेवटी पूर्ण सेलचा विचार, जो बहुतेक प्रबंधांत शेवटच्या पानावर येतो आणि यायला हवा पहिल्या. पहिल्या चक्रात ग्रॅममागे ४४० मिलिॲम्पिअर-तास हरवले. लिथियम धातूसमोर त्याची झळ जाणवत नाही, कारण तिथे लिथियमचा तोटा नसतो. पूर्ण सेलमध्ये ते लिथियम कॅथोडमधून, म्हणजे समोरच्या धन इलेक्ट्रोडमधून, येते. ग्रॅमला १६० देणारे लिथियम आयर्न फॉस्फेट धरले तर ॲनोडच्या एका ग्रॅमसाठी २.७५ ग्रॅम कॅथोड केवळ पहिल्या दिवशी खर्ची घालायला भरावा लागेल. त्याला पर्याय म्हणजे ॲनोडला आधीच लिथियम पाजणे, आणि ते काम कोरड्या खोलीविना होत नाही. व्होल्टेजचेही तसेच आहे. ३.८ व्होल्टच्या कॅथोडसमोर ॲनोड सरासरी ०.८ ला लिथियम घेत असेल आणि १.७ ला सोडत असेल, तर सेल ३.० व्होल्टला चार्ज होऊन २.१ ला डिस्चार्ज होतो. भरलेल्या ऊर्जेतली तीस टक्के उष्णता होऊन जाते. छिद्रांनी ही तफावत थोडी कमी होते, मिटत नाही.

आणि घनता. दाबलेला ग्रॅफाइट इलेक्ट्रोड घनसेंटीमीटरला साधारण ५४० मिलिॲम्पिअर-तास देतो. ८० टक्के पूड असलेला आणि ग्रॅममागे ९०० देणारा ऑक्साइडचा लेप त्याच्या बरोबरीला यायला लेपाची घनता किमान ०.७५ लागते. ८४ टक्के पोकळ कोबाल्ट ऑक्साइडच्या कणाचीच घनता एकच्या आत आहे, आणि कण रचताना मधल्या फटी धरल्या की लेप ०.६ च्या खाली जातो. त्यावर रोलर फिरवून घनता वाढवायला गेलात तर ती पोकळीच चिरडली जाते, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला. कार्बोनेटच्या गोळ्यांपासून झालेल्या मँगनीज मोनॉक्साइडच्या कणाची घनता सुमारे २.३ असते. दोन्ही पुडी गोळी करण्याच्या साच्यात लेपावर येणाऱ्या दाबाइतक्याच दाबाने दाबून पाहा, गोळी हलकेच मोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, आणि कोणते कण अजून गोल आहेत ते पाहून पुढची बॅच ठरवा.